कवठ, पपई आणि बडी सिस्टर

पहिल्याच दिवशी बडी सिस्टरनी आम्हा अकराजणींना एकेक करून बाळंतपणाच्या टेबलावर झोपवलं.

आम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लेबर रूमची पहिलीच पाळी. कडक इस्त्रीचे युनिफॉर्म घालून, नव्या वह्या छातीशी धरून आम्ही ओळीत उभ्या होतो. आता नियम सांगतील, हत्यारांची नावं विचारतील, असं वाटत होतं. त्यांनी कुठलीच ओळख करून न घेता टेबलाकडे बोट दाखवलं. "चलो, चढो. पाय वरच्या पट्ट्यांत. पाच मिनिट. बाकीच्या बघत उभ्या राहा."

पहिली मुलगी लाजून हसायला लागली. दुसरीने युनिफॉर्म गुडघ्याखाली ओढायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या, "ओढ ना, ओढ. बाईसुद्धा ओढते. तिला कोणी ओढू देत नाही." माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय दिसून राहिलंय वर?"

"पंखा," मी म्हणाले.

"आणखी?"

"पंख्यावर जाळं आहे."

"हां. बाई तासन्‌तास हेच बघते. आणा शिडी."

आणि आमच्या लेबर रूमच्या शिक्षणाची सुरुवात पंखा पुसण्यापासून झाली.

त्या इन्चार्ज होत्या. पण भोपाळच्या त्या सरकारी हॉस्पिटलात त्यांना कोणी इन्चार्ज म्हणत नसे. आयांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे बडी सिस्टरच म्हणत. उंचीने मात्र लहानशा. रुंद बांधा, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, आणि पांढरे बूट इतके लख्ख की त्यात दिवा दिसावा. मूळच्या उज्जैनच्या मराठी. शेवेवर अतोनात प्रेम. डब्यात काहीही असो, खिडकीत ठेवलेली शेवेची बरणी उघडायची आणि वर मूठभर शेव. एकदा संक्रांतीला माझ्या आईने गुळाच्या पोळ्या पाठवल्या, तर त्यांनी त्यावरही शेव घातली, खाल्ली, आणि "बढिया" म्हणाल्या. आईला मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

मी मराठी आहे हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मी चक्कर येऊन पडल्यामुळे. पहिलं बाळंतपण डोळ्यांसमोर बघितलं आणि मी भिंतीला टेकत खाली बसले, ती तिथेच आडवी झाले. पडताना मी "आई गं" म्हणाले असणार. शुद्धीवर आले तेव्हा त्या माझ्या तोंडावर वाकलेल्या. "मराठी आहेस? मग इतके दिवस हिंदीत का घाबरून राहिली होतीस?"

मी रडायलाच लागले. म्हणाले, हे मला जमणार नाही, मी सोडून देते.

"पडलीस तर पडलीस. उठलीस ना?" त्यांनी मला हाताला धरून उभं केलं. "सोडायचं तर सोड. पण आधी हात तयार कर. कच्चे हात घेऊन कुठे जाशील?"

घरी मात्र सोडायला लगेच परवानगी मिळाली असती. बाबा भेलच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन. मी चौथीत असताना आम्ही नाशिकहून इथे आलो, अवधपुरीत राहिलो. मी इंजिनिअर व्हावं, किमान बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं त्यांना वाटायचं. मी नर्सिंगचा फॉर्म भरला तेव्हा ते रागावले नाहीत. पण नाशिकहून काकांचा फोन आला आणि "मुलगी काय करते?" असं विचारलं की म्हणायचे, "मेडिकल लाइनला आहे," आणि लगेच तिकडच्या पावसापाण्याची चौकशी करायचे. नर्स हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी पडल्याचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही."

मी राहिले ती बाबांच्या त्या वाक्यामुळे की बडी सिस्टरच्या, हे मला नक्की सांगता येणार नाही.

त्यांचे हात तयार करण्याचे प्रकार मात्र जगावेगळे होते. आठवड्यातून एकदा त्या भाजीची पिशवी घेऊन वॉर्डात यायच्या. त्यात एक पिकलेली पपई, एक कच्ची पपई, एक टोमॅटो आणि एक कवठ. कवठाला त्या कबीट म्हणत. टेबलावर चादर, चादरीखाली भाजी, आमच्या डोळ्यांवर टॉवेल. वरून हात ठेवायचा आणि सांगायचं.

"बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी कशी लागायला पाहिजे?"

"कबिटासारखी."

"पिकल्या पपईसारखी लागली तर?"

"रक्त जाणार."

"जाणार नाही, जाऊन राहिलंय. तुला दिसलं नाही म्हणून थांबलंय का ते?" मग टॉवेल आणखी आवळून बांधायच्या. "डोळ्यांना चांगलंच बघायची आदत असते. हाताला तशी आदत नाही. हाताला विचार."

संध्याकाळी तीच भाजी त्या घरी घेऊन जायच्या. "आज तुम्ही जी पपई दाबली ना, ती आमच्या साहेबांनी खाल्ली," असं दुसऱ्या दिवशी गंभीरपणे सांगायच्या. साहेब म्हणजे त्यांचे यजमान.

वॉर्डात खाटेच्या नंबराने बाईला हाक मारायची नाही, हा दुसरा नियम. माझ्या मैत्रिणीने एकदा "चार नंबर को दर्द बढ़ रहा है" असं म्हटलं. पुढचा आख्खा दिवस बडी सिस्टर तिला चार नंबर म्हणाल्या. "ए चार नंबर, कापूस आण. चार नंबर, जेवलीस का?" संध्याकाळी ती रडकुंडीला आली आणि खाटेवरच्या बाईला जाऊन तिचं नाव विचारून आली.

पोटातल्या बाळाशी मात्र त्या अगदी नवाबी अदबीने बोलायच्या. पोटावर हात ठेवून, "तशरीफ़ लाइए हुज़ूर, सब आप ही के इंतज़ार में बैठे हैं." कळांनी कासावीस झालेल्या बाईलाही क्षणभर हसू यायचं.

आणि त्या असताना बाईवर कोणी ओरडायचं नाही. ज्यांनी अशा खोल्या पाहिल्या आहेत त्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे. एकदा एक मोठे डॉक्टर एका कोवळ्या मुलीवर खेकसले. पहिलटकरीण होती, घाबरून पाय मिटून घेत होती. बडी सिस्टर शांतपणे स्टूल सरकवत दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मुझ पर चिल्ला लीजिए. मेरे पास टाइम है. इनके पास अभी नहीं है." डॉक्टर गोरेमोरे झाले. पण पुन्हा त्या खोलीत त्यांचा आवाज चढलेला मी तरी ऐकला नाही.

हे सगळं सांगायचं कारण तो एक दिवस.

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. सकाळची पाळी. नफीसा नावाची बाई आली, दुसरं बाळंतपण. नवरा गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला, बरोबर सासू. नफीसा बोलकी होती. कळांच्या मधल्या मोकळ्या वेळात तिने मला माझं नाव, गाव, लग्न झालंय का, का नाही, सगळं विचारून घेतलं. अकराच्या सुमाराला तिला मुलगी झाली. बाळाचं डोकं आलं तेव्हा माझे हात खाली होते आणि त्यावर बडी सिस्टरचे. वार पूर्ण पडली, ती त्यांनी मला उलटसुलट करून तपासायला लावली. सगळं नीट होतं. नफीसाला शेजारच्या खोलीत, बाळंतपणानंतर दोन तास ठेवतात तिथे, खाटेवर आणलं.

"दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात," बडी सिस्टर म्हणाल्या. "कापड कोरडं बघून खूश नको होऊस."

एवढ्यात बाहेर गडबड उडाली. अँब्युलन्समधून एक बाई आणली होती, रायसेनकडच्या कुठल्याशा गावची. दिवस भरत आलेले, रक्तदाब चढलेला, आणि तिला झटके येत होते. डॉक्टर, सिस्टर, आया, सगळे तिच्याकडे धावले. मधलं दार बंद झालं. त्या खोलीत मी, चार बाया आणि त्यांची बाळं उरलो.

पहिल्या पंधरा मिनिटांनी मी हात ठेवला. बेंबीच्या खाली, टणक गोळा. कबीट. पुढच्या पंधरा मिनिटांनीही तेच. नफीसा बाळाचे केस बघत होती. मी तिला भांडं देऊन लघवी करवून घेतली, किती झाली ते लिहून ठेवलं. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं बाजी म्हणत तिने विचारलं, "बाजी, आप हर बात लिखती हो क्या?"

तिसऱ्यांदा हात ठेवला आणि मला गोळा सापडेना. बेंबीखाली काहीच नव्हतं. हात वर सरकवला. बेंबीच्याही वर दोन बोटं काहीतरी होतं, पण मऊ, गिळगिळीत. दाबलं तर बोटं आत जात होती.

मी कापड बघितलं. दोन-चार डाग, बाकी स्वच्छ.

"बाजी, प्यास लग रही है," नफीसा म्हणाली. मग तिने जांभई दिली. मग परत दिली. नाडी धरली तर ती माझ्या बोटांखाली पळत होती.

तेवढ्यात मधलं दार उघडून एक ज्युनिअर डॉक्टर मॅडम कपाटातून औषध घ्यायला आल्या. मी त्यांना सांगितलं. त्यांनी लांबूनच नफीसाकडे नजर टाकली. "पैड साफ़ है न?"

"हाँ मैडम, पर..."

"ब्लैडर भरा होगा. पेशाब करवा दो." आणि त्या वळल्या. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. पलीकडे एक बाई मरणाच्या दारात होती आणि इथे एक विद्यार्थिनी कोरडं कापड घेऊन तक्रार करत होती.

डॉक्टरांना कळतं, मला काय कळतं, असं एक मन म्हणत होतं. लघवी तर आत्ताच झाली होती, माझ्याच हाताने लिहिलेली. मी डोळे मिटले आणि परत पोटावर हात ठेवला. मघापेक्षा आणखी वर होतं ते. चढत होतं.

त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हताच. "मैडम, वापस आइए! नफीसा के अंदर ख़ून भर रहा है!"

डॉक्टर मॅडम चिडून परत आल्या. "कहा न मैंने..." म्हणत त्यांनी माझा हात बाजूला करून स्वतःचा ठेवला. त्यांचा चेहरा उतरताना मी पाहिला. "दबाओ," त्या म्हणाल्या. "ज़ोर से मलो."

मी एका हाताने खालून आधार दिला, दुसऱ्याने वरून चोळत दाबलं. आणि इतका वेळ आत दडून बसलेलं सगळं बाहेर आलं. मुठीएवढ्या गाठी, मग नुसतं रक्त. चादर, गादी, माझा एप्रन, खाली फरशी. शेजारच्या खाटेवरची बाई किंचाळली. नफीसाचे ओठ पांढरे पडले. तिने माझ्या एप्रनचं टोक मुठीत पकडलं आणि म्हणाली, "बाजी, मेरी बच्ची कहाँ है?"

"तुम्हारे पास है," मी म्हणाले. बाळ खरंच तिच्या कुशीतच होतं.

आरडाओरडा ऐकून दारात बडी सिस्टर आल्या. झटक्यांच्या बाईला औषध लागू पडलं होतं, तिच्याजवळ दोघीजणी होत्या. बडी सिस्टरनी एका नजरेत खोली बघितली. मला वाटलं, सुटले. आता या येतील, मला बाजूला सारतील, आणि माझ्या हातातलं हे भयंकर ओझं आपल्या हातात घेतील. डॉक्टर मॅडमनाही तेच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, आप सँभालिए यहाँ, इसे हटाइए."

बडी सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "नहीं डॉक्टर. इसका हाथ जगह पर है. आप दूसरे हाथ में लाइन लीजिए, सुई मैं देती हूँ."

आणि त्यांनी ते केलं. ज्या बाईच्या हाताखाली हजारो बाळं जन्मली होती, ती माझ्या शेजारी उभी राहून इंजेक्शन भरत होती, सलाईनची बाटली टांगत होती, रक्तपेढीला निरोप पाठवत होती, आणि मी, तिसऱ्या वर्षाची पोर, मधोमध उभी होते.

माझा दंड भरून आला होता. बोटं बधिर झाली होती. "सिस्टर, मला आता कळत नाहीये काही," मी मराठीत म्हणाले.

"डोळे बंद कर," त्या कानाशी म्हणाल्या. "सांग, काय लागून राहिलंय?"

"पपई."

"पिकलेली?"

"हो."

"चोळ. थांबू नकोस."

डॉक्टर मॅडम आमच्याकडे वेड्यासारख्या बघत होत्या. नफीसाच्या दोन्ही हातांत सुया, एकीकडे सलाईन, दुसरीकडे औषध. बडी सिस्टर तिच्या कपाळावर हात ठेवून बोलत होत्या, "नफीसा, मुझे देखिए. सोना नहीं है अभी. बेटी का नाम क्या सोचा है? जल्दी बताइए, मुझे लिखना है." नफीसा पुटपुटत एकेक नाव सांगत होती आणि बडी सिस्टर प्रत्येक नावात खोट काढून तिला पुढचं सांगायला लावत होत्या.

"आता काय लागतंय?" मला विचारलं.

"पपईच. पण... कच्ची."

"चोळ."

किती वेळ गेला मला माहीत नाही. नंतर कळलं, वीसेक मिनिटं. माझ्या तळहाताखाली काहीतरी हलल्यासारखं झालं. झोपलेलं काही जागं व्हावं आणि त्याने अंग आवळून घ्यावं, तसं. ते आकसत आकसत खाली गेलं, आणि हाताला अडलं.

"कबीट," मी म्हणाले. मग ओरडलेच, "सिस्टर, कबीट!"

डॉक्टर मॅडमनी हात ठेवून पाहिला आणि मान हलवली. रक्त थांबलं होतं.

दुपारपर्यंत नफीसाला दोन बाटल्या रक्त चढलं. ओठांवर परत रंग आला. झटक्यांची ती बाईही वाचली. तिचं सिझर झालं, बाळ छोटंसं होतं, पण रडलं. नफीसाची सासू दारातून मला शोधत आली, माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले आणि परत गेली. डॉक्टर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मैंने ब्लैडर कहा था. इसने मेरी नहीं मानी. अच्छा किया." हे म्हणायलाही मोठं मन लागतं. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

मी नळापाशी गेले, पण बधिर बोटांत साबण धरता येईना. बडी सिस्टर मागून आल्या, कोपराने नळ सोडला आणि लहान मुलाचे धुवावेत तसे माझे हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "पॉलिश कधी केली होतीस?"

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. आनंद नगरला राहतात, गच्चीवर दुधी आणि टोमॅटो लावतात. अधूनमधून फोन करतात आणि तब्येत, पगार, लग्न असलं काही न विचारता एकच विचारतात, "मुलींचे हात कसे आहेत?" मुली म्हणजे माझ्या विद्यार्थिनी. मी आता लेबर रूममध्येच आहे. दर आठवड्याला भाजीची पिशवी घेऊन जाते आणि नव्या मुली पहिल्या दिवशी तशाच हसतात. बडी सिस्टरइतकं निर्भय मला अजून होता येत नाही. मोठा डॉक्टर ओरडला की माझी नजर अजून आधी दाराकडे जाते. पण स्टूल सरकवून मी मध्ये उभी राहते.

त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलं.

दोनला सुटणारी पाळी मला चार वाजता सुटली. फोन पिशवीतच होता, बघितलाच नव्हता. बाहेर आले तर फाटकाशी स्कूटर लावून बाबा उभे. पहिली पाळी संपवून घरी गेले होते, मी आले नाही, फोनही उचलत नाही म्हणून निघून आले होते. मी त्यांच्याजवळ पोचते न पोचते तोच मागून बुटांचा आवाज आला. काम संपल्याशिवाय वॉर्डाचा उंबरा न ओलांडणाऱ्या बडी सिस्टर भर उन्हात फाटकापर्यंत चालत आल्या होत्या.

बाबांनी हात जोडले. त्यांचा चेहरा काळजीचा. "नमस्कार. हिच्याकडून काही चूक झाली का?"

बडी सिस्टर म्हणाल्या, "भाऊसाहेब, आत एक बाई आहे. दोन मुलांची आई. परवा ती आपल्या पायांनी घरी जाईल. तुमच्या घरी हे माहीत असायला पाहिजे म्हणून आले."

बाबांना नीटसं कळलं नाही. ते माझ्या एप्रनकडे, त्यावरच्या डागांकडे बघत राहिले.

"चला, मला काम आहे," बडी सिस्टर म्हणाल्या आणि वळता वळता थांबल्या. "आणि स्कूटर हळू चालवा. सिस्टर दमल्या आहेत."

बाबांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, कोणत्या सिस्टर ते बघायला. वॉर्डाकडे निघालेल्या बडी सिस्टर सोडल्या तर मागे कोणीच नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी आपल्या गळ्यात अडकवली, रुमालाने मागची सीट पुसली आणि म्हणाले, "बसा."